स्टेल्थ फायटर किती वर्षांत बनतं? अंदाज बांधायला शिकणाऱ्यांसाठी

बडोद्यात टाटांचा सी-२९५ मालवाहू विमानाचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून इथली पोरं विमानांबद्दल जाम विचारायला लागलीत. काही कलाभवनात (इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात) शिकणारी, काही मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नव्यानं लागलेली, आणि प्रश्न फिरून फिरून तेच, आपलं स्टेल्थ फायटर (रडारला सहज न दिसणारं लढाऊ विमान) कधी येणार, चीनचं एवढ्या पटकन कसं आलं, तुर्कस्तान जे सांगतोय ते खरं का. आणि उत्तर म्हणून दोनच टोकं ऐकू येतात, एक म्हणजे "पाच वर्षांत येतंय बघा" आणि दुसरं "आपल्याकडून काय होत नाही". दोन्हीत हिशोब कुठेच नसतो. खरं तर हा अंदाज घरी बसून, उघड माहितीवर, एका एक्सेल शीटमध्ये बऱ्यापैकी बांधता येतो, त्याला कुठली गुप्त कागदपत्रं लागत नाहीत, फक्त कुठून मोजायचं आणि काय मोजायचं हे माहीत पाहिजे.

आधीच सांगून ठेवतो, पहिल्या उड्डाणाची तारीख बघून अंदाज बांधू नका. एक विमान उडवून दाखवणं वेगळं आणि दर महिन्याला दोन विमानं वायुसेनेच्या हातात देणं वेगळं, आणि हा दुसरा वेग ठरतो सगळ्यात मागे पडलेल्या भागावरून. पंगतीत शेवटचं पान होईपर्यंत पंगत उठत नाही तसंच आहे हे, बाकी सगळं तयार असलं तरी एक इंजिन नाही आलं तर विमान हँगरमध्ये उभंच राहतं.

पायरी १: "बनलं" म्हणजे नक्की काय ते ठरवा

शीटमध्ये पाच कॉलम करा. सरकारनं पैशासकट मंजुरी दिली ती तारीख, पहिलं उड्डाण, वायुसेनेत अधिकृत दाखल, पहिली पूर्ण स्क्वाड्रन, आणि वर्षाला ठरलेला पूर्ण उत्पादन दर. बातम्यांमध्ये या पाचही तारखांना सरसकट "तयार" म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. घोषणेची तारीख मात्र शीटमध्ये घेऊच नका, एअर शोमध्ये लाकडी-फायबरचं मॉडेल ठेवलं म्हणजे काम सुरू झालं असं होत नाही. करार सही झाला, पहिला हप्ता सुटला, तिथून घड्याळ चालू.

पायरी २: आधी झालेल्यांचे आकडे भरा

स्वतःचा अंदाज करायच्या आधी जगात जे झालंय ते लिहून काढा, उदाहरणं मोजकीच आहेत त्यामुळे तासाभराचं काम आहे.

अमेरिकेचं एफ-२२ घ्या. नमुन्याचं, म्हणजे वायएफ-२२ चं, पहिलं उड्डाण सप्टेंबर १९९०, खऱ्या एफ-२२ चं सप्टेंबर १९९७ आणि लढायला सज्ज म्हणून जाहीर झालं डिसेंबर २००५ मध्ये. म्हणजे नमुन्यापासून १५ वर्षं, खऱ्या विमानापासून ८. एफ-३५ चा करार ऑक्टोबर २००१, पहिलं उड्डाण डिसेंबर २००६, मरीन कोअरनं सज्ज म्हटलं जुलै २०१५ मध्ये, आणि पूर्ण दरानं उत्पादनाची औपचारिक परवानगी आली थेट मार्च २०२४ मध्ये! चीनचं जे-२० जानेवारी २०११ मध्ये उडालं, तेही अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्ये असताना, आणि २०१७ मध्ये सेवेत आलं, म्हणजे ६ वर्षं. रशियाचं सु-५७ जानेवारी २०१० मध्ये उडालं, त्याचं पहिलं सिरीजचं विमान डिसेंबर २०१९ मध्ये डिलिव्हरीच्या आधीच पडलं, आणि पहिली डिलिव्हरी झाली २०२० च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे जवळपास ११ वर्षं.

आता बघा, पहिल्या उड्डाणापासून सेवेपर्यंत सगळ्यात वेगवान ६ आणि सगळ्यात हळू ११. हा तुमचा पट्टा. कोणी तुम्हाला "उड्डाणानंतर तीन वर्षांत सेवेत" म्हणालं तर तो या चौघांपैकी कोणी केलं नाही ते करणार म्हणतोय, त्याला कारण विचारा.

कोरियाचं केएफ-२१ पण याच शीटमध्ये पाहिजे, पण वेगळ्या रंगानं, कारण त्याच्या पहिल्या आवृत्तीत शस्त्रं पोटाच्या आत जात नाहीत, त्यामुळे ते पूर्ण स्टेल्थ नाही. करार डिसेंबर २०१५, पहिलं उड्डाण जुलै २०२२. साडेसहा वर्षं. आणि हे अशा देशाचं ज्यानं आधी टी-५० ट्रेनर बनवून, विकून, हात बसवून घेतला होता. हा आकडा आपल्याला पुढे लागणार आहे.

पायरी ३: इंजिन कुणाचं?

इथे वेळ काढून थांबा, कारण अर्धं उत्तर इथेच आहे. फायटरच्या इंजिनात टर्बाइनची पाती ज्या गॅसमध्ये फिरतात त्याचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त असतं. पातं वितळत नाही कारण ते निकेलच्या मिश्रधातूचा एकच अखंड क्रिस्टल म्हणून ओतलेलं असतं, आतून हवा खेळवायला बारीक वाटा असतात, अंगावर बारीक भोकं असतात आणि वरून सिरॅमिकचा थर. असं एक पातं बनवणं लॅबमध्ये जमतं, पण हजारो पाती एकसारखी, कमी रिजेक्शनमध्ये आणि हजारो तास टिकतील अशी बनवायला पिढी जाते. म्हणून जगात हे करणारे देश बोटावर मोजण्याएवढे.

चीननं काय केलं ते नीट समजून घ्या, कारण त्यांच्या वेगाचं खरं गमक हे आहे. जे-२० साठी स्वतःचं डब्ल्यूएस-१५ इंजिन ठरलं होतं, ते वेळेत झालं नाही, तर ते अडून बसले नाहीत, सुरुवातीची विमानं रशियन एएल-३१ इंजिनावर उडवली, मग स्वतःचं डब्ल्यूएस-१० बसवलं, आणि डब्ल्यूएस-१५ चं काम मागून चालू ठेवलं. एअरफ्रेमचा (इंजिन सोडून बाकी विमानाचा) कारखाना तोपर्यंत शिकत राहिला. कोरियानं अमेरिकन एफ-४१४ घेतलं, तुर्कस्तानचं कान फेब्रुवारी २०२४ मध्ये उडालं ते अमेरिकन एफ-११० इंजिनावर. तिघांनीही तेच केलं, आधी दुसऱ्याचं इंजिन.

पण दुसऱ्याचं इंजिन घेतलं की तारीख पण दुसऱ्याच्या हातात जाते. आपल्या तेजस मार्क-१ए चं उदाहरण डोळ्यासमोर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला, पहिली डिलिव्हरी २०२४ च्या सुरुवातीला ठरलेली, आणि त्यासाठी मागवलेल्या एफ-४०४ पैकी पहिलं इंजिन भारताला मिळालं मार्च २०२५ मध्ये. हे इंजिन बनवणाऱ्या अमेरिकन जीईनं आधीची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन टाकली होती, पुढची ऑर्डर नव्हती, त्यांनी लाइन बंद केली, मग नवीन ऑर्डर आल्यावर सगळी पुरवठासाखळी परत उभी करायला लागली. हे मला फार लागतं, कारण इथे चूक फक्त पुरवठादाराची नाही, ऑर्डरमध्ये पाच वर्षांचा खड्डा पडला की लाइन मरते हे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा.

तर शीटमध्ये इंजिनासाठी तीन रकाने करा: स्वतःचं आणि सिद्ध झालेलं, परकं पण सिद्ध झालेलं, आणि स्वतःचं पण अजून विकासात. पहिल्याला काही जोडू नका. दुसऱ्याला मी दोन वर्षं जोडतो. तिसरं असेल आणि पर्यायी इंजिन नसेल तर तारीख लिहूच नका, नुसतं प्रश्नचिन्ह टाका. तेजससाठीचं आपलं कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळं करावं लागलं, त्यात काम करणाऱ्यांच्या मेहनतीबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण अंदाज बांधताना तो इतिहास विसरून चालत नाही.

पायरी ४: चाचणी उड्डाणांचं साधं गणित

एफ-३५ च्या विकासाच्या चाचण्या एप्रिल २०१८ मध्ये संपल्या तेव्हा ९,२०० च्या वर उड्डाणं आणि १७,००० तास झाले होते. केएफ-२१ साठी योजना दोन हजारांच्या आसपास उड्डाणांची होती, सहा नमुना विमानांवर. आता तुम्हीच करा: सहा विमानं, एक विमान महिन्याला सरासरी आठ वेळा उडतं असं धरा (मध्ये सेन्सर बसवणं, सॉफ्टवेअर बदलणं, पाऊस, दुरुस्ती सगळं येतं), म्हणजे महिन्याला ४८, दोन हजाराला झाले साधारण ४२ महिने. साडेतीन वर्षं. म्हणून कुठलाही देश नवीन प्रोग्रॅम जाहीर करतो तेव्हा पहिला प्रश्न हा, नमुना विमानं किती? दोनच असतील तर सेवेची तारीख कितीही जवळची सांगोत, उड्डाणं पूर्ण व्हायची नाहीत. आपल्या ॲम्काला (भारताचं नियोजित स्टेल्थ फायटर) पाच मंजूर आहेत, हा आकडा बरा आहे, सहा-सात असते तर मला जास्त आवडलं असतं.

सॉफ्टवेअरचा उशीर या गणितात बसत नाही, तो वरून येतो. एफ-३५ चं टीआर-३ (नवा संगणक आणि सॉफ्टवेअर) अपग्रेड रखडलं तर जुलै २०२३ ते जुलै २०२४ वर्षभर नव्या आवृत्तीची तयार विमानं कंपनीच्या आवारात उभी होती. लोखंड तयार, कोड नाही.

पायरी ५: कारखान्याच्या आत बघा

मला विचाराल तर सगळ्यात रंजक पायरी ही, आणि बडोद्याच्या पोरांना इथे फायदा आहे कारण मशीन शॉप त्यांनी जवळून बघितलेलं असतं.

स्टेल्थ विमानाचे मोठे बल्कहेड (सांगाड्याच्या आडव्या चौकटी) बऱ्याचदा टायटॅनियमचे असतात, फोर्जिंग येतं ढोबळ, आणि दहातले नऊ भाग छिलका होऊन निघून जातात. टायटॅनियमचा जॉब मशीनवर लागला की काय होतं ते उभं राहून बघा. स्टीलमध्ये उष्णता छिलक्याबरोबर निघून जाते, इथे ती टूलच्या धारेपाशीच साठते, त्यामुळे स्पीड कमी ठेवायचा, कूलंट दाबानं मारायचा, आणि इन्सर्ट बोथट व्हायची वाट न बघता ठरलेल्या मिनिटांनी बदलायचा. रफ कट झाला, क्लॅम्प सोडला की जॉब किंचित वाकतो, आतला ताण मोकळा होतो, मग परत पकडायचा, परत डेटम (मापाचा संदर्भ) घ्यायचा, मग फिनिश. त्यानंतर सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) मोजणी, मटेरियलचं सर्टिफिकेट हीट नंबरसकट (धातू कुठल्या घाणातला तो नंबर), आणि कुठे माप ठरलेल्या मर्यादेपेक्षा जरासं जरी जास्त गेलं तर तो जॉब बाजूला काढून कागद डिझाइनवाल्यांकडे, ते हो म्हणेपर्यंत थांबा. एका तुकड्याची ही कथा, विमानात असे हजारो.

स्टेल्थमुळे वरून आणखी भर पडते. बाहेरच्या कातडीच्या पॅनेलमधली फट, स्क्रूचं डोकं, दरवाज्याची कड, सगळं रडारला दिसतं, त्यामुळे जोडणी साध्या विमानापेक्षा कितीतरी कडक. त्यावर रडार शोषणारा लेप ठरलेल्या जाडीचाच बसला पाहिजे, आणि हवा आत घेणारी वाट नागमोडी, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) भाजलेले मोठे वाकडे कॉम्पोझिट (फायबर आणि रेझिनचे) भाग. ऑटोक्लेव्ह किती आणि केवढे, हे सार्वजनिक टेंडरांतून बऱ्याचदा कळतं. बघत जा.

आता दराचं गणित. समजा दावा आहे वर्षाला २४, म्हणजे महिन्याला २. आणि सांगाडा जोडायला घेतल्यापासून विमान हातात द्यायला १८ महिने लागतात. दोन गुणिले अठरा, म्हणजे कुठल्याही क्षणी ३६ विमानं अर्धवट अवस्थेत कारखान्यात उभी पाहिजेत. तेवढी जागा, तेवढे जिग, तेवढी ट्रेन झालेली माणसं आहेत का? हॉल सॅटेलाइट फोटोत दिसतो, लांबी-रुंदी मोजा, एका फायटरला भोवतालच्या वावरण्यासकट किती जागा लागेल ते धरा, आणि भागाकार करा. दहा विमानांचा हॉल आणि २४ चा दावा असेल तर काहीतरी अजून बांधायचंय.

दुसरं, शिकण्याचा वक्र. टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये मांडलं की विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानामागचे मजुरीचे तास साधारण ८० टक्क्यांवर येतात. पहिल्याला १०० धरले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१, सोळाव्याला ४१. म्हणून सुरुवातीची वर्षं दोन-चार विमानं आणि मग अचानक वेग वाढल्यासारखा वाटतो, त्यात जादू काही नाही. पण हे फक्त सलग काम चाललं तरच. एफ-२२ ची लाइन बंद झाली, मग काही वर्षांनी परत सुरू करायला काय लागेल याचा अमेरिकन वायुसेनेनं हिशोब काढला तेव्हा १९४ विमानांना सुमारे ५० अब्ज डॉलर आले आणि विषय तिथेच मिटला. हात सुटला की वक्र पहिल्यापासून.

इथलाच सी-२९५ मोजपट्टी म्हणून वापरा. मालवाहू विमान, स्टेल्थ वगैरे काही नाही, मूळ डिझाइन १९९७ पासून उडतंय, एअरबस स्वतः शिकवायला बसलेली. करार सप्टेंबर २०२१, कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०२२, उद्घाटन ऑक्टोबर २०२४, आणि कराराप्रमाणे बडोद्यातून पहिलं विमान सप्टेंबर २०२६, चाळिसावं ऑगस्ट २०३१ पर्यंत. म्हणजे तयार डिझाइनलाही पहिल्या विमानासाठी ५ वर्षं आणि नंतर वर्षाला ८ चा दर. याला मी अजिबात कमी लेखत नाही, खाजगी कंपनीनं भारतात अख्खं लष्करी विमान जोडणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि यातून जी माणसं तयार होतील ती पुढे फायटरच्या लाइनवर लागतील. पण वेग कसा असतो ते यावरून कळतं.

पायरी ६: ऑर्डर आणि पैसा

थोडक्यात. ऑर्डर किती मोठी आणि किती वर्षांची, एवढंच बघा. रशियानं २०१९ मध्ये सु-५७ च्या ७६ विमानांचा करार केला, २०२८ पर्यंतचा, ही लहान ऑर्डर आहे, यात पुरवठादार नवीन मशीन घेत नाही. एफ-३५ ला अनेक देशांच्या मिळून हजारोंच्या ऑर्डर, म्हणून तीन देशांत असेंब्ली लाइन, आणि २०२१ मध्ये १४२ डिलिव्हरी. छोट्या पुरवठादाराच्या जागी बसून विचार करा, पाच-दहा कोटींचं फाइव्ह-ॲक्सिस मशीन तो कर्ज काढून कशाच्या भरवशावर घेणार?

पायरी ७: आता ॲम्कावर लावून बघू

मंजुरी मार्च २०२४, सुमारे १५,००० कोटी, पाच नमुने. कोरियाला करारापासून उड्डाणाला साडेसहा वर्षं लागली, तेच लावलं तर २०३० चा शेवट. सरकारी बोलणं २०२८-२९ चं आहे, तर पहिलं उड्डाण २०२९ ते २०३१ धरू. त्यात ६ ते ११ मिळवा, आले २०३५ ते २०४२. फार मोठा पट्टा आहे, तो आता आवळायचा.

आपल्या बाजूनं काय? तेजसचा अनुभव, फ्लाय-बाय-वायर (संगणकामार्फत विमानाचं नियंत्रण) आणि कॉम्पोझिटमध्ये हात बसलेला, आणि पहिल्या आवृत्तीला एफ-४१४ सारखं सिद्ध इंजिन, म्हणून ११ चं टोक मी सोडून देतो, ९ धरतो. विरुद्ध काय? इंजिन परकं, दोन वर्षांचा धोका, आणि उत्पादन कोण करणार याची नवी पद्धत, स्पर्धेतून भागीदार निवडायची. ही पद्धत मला पटते, एकाच कारखान्यावर सगळं लादण्यापेक्षा बरी, पण जो निवडला जाईल त्याला जमीन, हॉल, माणसं उभी करायला वेळ लागणार, वर सी-२९५ चं बघितलंच. त्यामुळे माझा आकडा सेवेत येण्याचा २०३६ ते २०३९, मधला २०३७. अधिकृत २०३५ च्या आसपासचं लक्ष्य म्हणजे काहीच न अडखळता सगळं झालं तर. मग पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १२ असा दर धरला तर २४ विमानं, म्हणजे एक पूर्ण स्क्वाड्रन आणि वर थोडी, २०४० च्या सुमाराला.

तुमचा आकडा वेगळा आला तर उत्तमच, फक्त कुठली ओळ बदलली ते शीटमध्ये लिहून ठेवा, आणि एकच वर्ष कधी सांगू नका, कायम "या वर्षापासून या वर्षापर्यंत" सांगा.

पायरी ८: अंदाज ताजा ठेवा

दर सहा महिन्यांनी शीट उघडा आणि चारच गोष्टी तपासा. इंजिनाच्या करारावर सही झाली का आणि कारखाना कुठे उभा राहतोय. नमुना विमानांपैकी प्रत्यक्ष किती उडतायत. उत्पादनाच्या भागीदारानं माणसं भरायला आणि मशीन मागवायला सुरुवात केली का, जाहिराती आणि टेंडर उघडच असतात. आणि आधीच्या विमानाची, म्हणजे तेजस मार्क-१ए ची, डिलिव्हरी वेळेवर आहे का, कारण तीच माणसं, तेच पुरवठादार पुढे ॲम्काला लागणारेत. नाशिकच्या लाइनवरून पहिलं मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं, ती तारीख शीटमध्ये टाका आणि तिथून पुढे महिन्याला किती बाहेर पडतात त्याची एक वेगळी ओळ सुरू करा. रोलआउट, मॉडेल, मंत्र्यांची भेट यांच्यासाठी कॉलम ठेवू नका.